मिस अर्लीनच्या दारावरची पाटी

१

मिस अर्लीन फच यांना एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणी खोटं ठरवलं, ते एका मंगळवारी सकाळी, टपालाने.

रविवार नसताना रविवारची टोपी घालून त्या आमच्या ओसरीवर आल्या, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. हातात विमा कंपनीचं पत्र होतं. ते त्यांनी दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसं लांब धरलं होतं.

"ओडेसा, तुझा नवरा उठलाय का?"

"उठलाय. पण अजून कॉफी झालेली नाही."

"मग मी वाचत नाही. रिकाम्या पोटी ऐकण्यासारखं नाहीये."

माझा नवरा लेम ब्रॉडनॅक्स तीस वर्षं गाड्या रंगवायचा. गुडघे बोलायला लागले तसा त्याने फवारा खाली ठेवला आणि दुसरा धंदा धरला. अपघात झालेली गाडी कितीही सुरेख दुरुस्त करा, विकायला काढली की गिऱ्हाईक नाक मुरडतंच. ते नाक किती मुरडलं हे कागदावर मांडायचं आणि विमा कंपनीकडून तेवढी भरपाई मिळवून द्यायची, हे त्याचं काम. आमच्या जॉर्जियात कायदा त्याच्या बाजूचा आहे. कागद टाइप करायला मी आहे.

मिस अर्लीनची गाडी तीन वर्षांची. रंग सोललेल्या पावट्याचा, म्हणून नाव बटरबीन. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेंगांनी भरलेला एक ट्रक गावातल्या एकुलत्या एका सिग्नलला थांबायचं विसरला आणि बटरबीनच्या डाव्या कुशीत शिरला. ट्रकच्या विमा कंपनीने दुरुस्ती करून दिली. पण मिस अर्लीन ती गाडी विकणार होत्या. त्या पैशांत एक जुनी, आत झोपायची सोय असलेली व्हॅन घ्यायची आणि धाकटी बहीण मेडेल हिला घेऊन थेट पॅसिफिक समुद्र बघायला जायचं, असं दोघींचं ठरलं होतं. दोघींनी जन्मभर कांद्याच्या शेडमध्ये कांदे निवडले. अटलांटिक बघितला होता, पण तो, मिस अर्लीन म्हणायच्या, शेजारचाच.

अपघाताचं कळताच दातांच्या डॉक्टरांची बायको, जी गाडी घेणार होती, तिने भाव पाडला. तो फरक लेम कंपनीकडून मिळवणार होता.

"वाच," कॉफी संपल्यावर मिस अर्लीन म्हणाल्या.

लेमने वाचलं. कंपनीच्या तपासणीत गाडीच्या उजव्या मागच्या दारावर जुन्या दुरुस्तीच्या खुणा सापडल्या होत्या. 'गाडीला याआधी कधीही इजा झालेली नाही' असं आपण शपथेवर लिहून दिलं आहे, ते खरं दिसत नाही. आमचे प्रतिनिधी शुक्रवारी येतील. समाधानकारक खुलासा न झाल्यास दावा बंद.

"पैसे गेले तर गेले," मिस अर्लीन म्हणाल्या.  "समुद्र काही कुठे पळून जात नाही. पण लेम्युएल, मी चाळीस वर्षं चर्चच्या पेटीची किल्ली सांभाळली. आणि हा पत्रावर सही करणारा पोरगा मला शपथेवर खोटं बोलणारी म्हणतो?"

लेम रंगाची जाडी मोजायचं आपलं छोटं यंत्र घेऊन अंगणात गेला. उजव्या मागच्या दारावर त्याने ते एकदा टेकवलं, मग चार बोटं सरकवून टेकवलं, मग आणखी. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"मिस अर्लीन, त्या पोराने चूक नाही लिहिलेलं. या दारात पोचा बुजवलेली परातीएवढी पुट्टी आहे."

२

संशय पहिला गेला तो रस्टी यॉनवर. अपघातानंतर गाडी नऊ दिवस त्याच्या गॅरेजात होती, आणि त्याच्या अंगणात गाड्या अशा दाटीने उभ्या असतात की दारं उघडायची तर आधी प्रार्थना करावी लागते.

"म्हणजे मी ठोकली आणि गुपचूप बुजवली, असं?" रस्टीने हातातला पाना खाली टाकला. "लेम, तू माझ्या लग्नात नाचलायस!"

"वाईट नाचलो होतो. त्याचा इथे काय संबंध?"

"मी डावीकडचा, दोन दारांमधला खांब सरळ केला, डावीकडचं दार नवं बसवलं, डावीकडे रंग मारला. उजवीकडे हात लावायला मला पैसे कोणी दिले?"

"पैसे मिळणार नव्हते म्हणून तर गुपचूप."

रस्टी लाल झाला. मग तणतणत बटरबीनकडे गेला, उजव्या दारासमोर उकिडवा बसला आणि उन्हात तिरप्या नजरेने बघत राहिला. बघता बघता त्याचा राग कुठे गेला कोण जाणे.

"आई गं," तो हळूच म्हणाला. "हे मी केलं असतं ना, तर दार काढून घरात भिंतीवर टांगलं असतं. लाट नाही, रेघ नाही. यंत्र नसतं तर माझ्या बापालाही कळलं नसतं. आम्ही आता असं करतच नाही रे. दार काढतो, नवं बसवतो. एवढी पुट्टी हाताने घासायला वेळ कुणाला आहे?"

 लेमने तळहात उलटा केला, मागची बाजू दारावर ठेवली आणि डोळे मिटून हळूहळू फिरवली. आंधळा माणूस नातवाच्या चेहऱ्यावरून हात फिरवतो तशी. लहानपणचं गाणं लांबून कुठूनतरी ऐकू यावं तसं त्याच्या तोंडावर हसू आलं.

"काय रे?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. माझा नवरा 'काही नाही' म्हणतो तेव्हा काहीतरी असतंच, आणि ते मला जेवणाआधी कधी कळत नाही.

३

"शोरूमवाल्यांनीच ठोकलेली गाडी नवी म्हणून गळ्यात मारली असेल," मी गाडीत बसता बसता म्हणाले.

"असेल. चर्चमध्ये जाऊ."

"देवाला विचारायला?"

"फोटो बघायला."

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दरवर्षीच्या कांदा-उत्सवाचे फोटो टांगलेले असतात. या एप्रिलचा फोटो अगदी दारापाशी होता: मिरवणुकीत बटरबीन, छपराच्या खिडकीतून वर आलेली मुकुट घातलेली कांदाराणी, आणि गाडीच्या उजव्या मागच्या दारावर चर्चची पाटी. 'गरम जेवण घरपोच'. मिस अर्लीन दर गुरुवारी अंथरुणाला खिळलेल्यांना डबे पोचवतात, त्याची ती पाटी, चुंबकाची. थापली की दाराला चिकटते, ओढली की सुटते.

लेम त्या फोटोसमोर इतका वेळ उभा राहिला की रेव्हरंड इझेल पिंकनी स्वतःच चौकशीला आले. उंच, गोड आवाजाचे गृहस्थ. बटरबीनची एक किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात असते, चर्चच्या कामाला लागली तर म्हणून.

"रेव्हरंड, ही गाडी तुम्ही कधी चालवलीत?"

"एप्रिलनंतर नाही. का हो?"

"कोणी किल्ली मागायला आलं होतं?"

रेव्हरंडनी छताकडे बघितलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. "किल्ली… खणात असते."

"ते विचारलं नाही मी."

"लेम, माणसं माझ्याकडे मन मोकळं करतात. ते मी हॉलमध्ये वाटत नाही."

बाहेर आल्यावर लेम वाहनतळाच्या टोकाला थबकला. फाटकापाशी पांढरा रंगवलेला लाकडी खांब होता. बाकी सगळे खांब राखाडी पडलेले, हा एकटा कोरा.

"हा नवा?"

"हो," मागून रेव्हरंड म्हणाले. "जूनमध्ये बदलला. गवत कापताना माझ्या हातून यंत्र आपटलं."

आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत मी कशीबशी तोंड दाबून राहिले. रेव्हरंड पिंकनींना गवताचा वास आला तरी अकरा शिंका येतात. संडे स्कूलची मुलं मोजतात. त्या माणसाने गेल्या वीस वर्षांत गवत कापायच्या यंत्राला हात लावलेला नाही.

"लेम, पाद्री खोटं बोलले!"

"बोलले," लेम आनंदाने म्हणाला. "आणि किती वाईट बोलले, बघितलंस? सवय नाही बिचाऱ्यांना."

४

गुरुवारी संध्याकाळी आम्ही फच बहिणींच्या ओसरीवर गेलो. आढ्याला जुन्या पायमोज्यांत गाठी मारून कांदे टांगले होते, एका गाठीत एक. दोघी मधे घमेलं ठेवून पावटे सोलत होत्या. मेडेल अडुसष्ट वर्षांची, बारीक, चिमणीसारखी. शेडमध्ये कांदे निवडताना ती गाणी जुळवायची आणि साठ बायका मागून म्हणायच्या, मीही त्यांतलीच एक. अजूनही हाताला काम असलं की तिच्या ओठांवर ओळ येतेच.

दूर गं समुद्र, वाट कांद्यांच्या वेणीपरी लांब,
एकीला येई झोप, दुसरी म्हणे नको थांब.

"छान आहे," लेम म्हणाला. "नवं?"

"उन्हाळ्यातलं," मेडेल म्हणाली, आणि एकदम खूप मन लावून सोलायला लागली.

"मिस अर्लीन, ती डब्यांची पाटी आता कुठल्या दारावर लावता?"

"पुढच्या. मागच्या दारावर टिकतच नाही मेली. जुलैपासून. सिग्नलला वळले की फडफड, आणि गेली रस्त्यावर! एकदा मागून कुत्रा तोंडात धरून घेऊन आला. मला वाटलं, चुंबक म्हातारं झालं. म्हणून नवी करून आणली. तीही पडली! आताच्या वस्तूंना टिकाऊपणा म्हणून नाहीच."

"तीच नवी पाटी पुढच्या दारावर टिकते?"

"टिकते की." मिस अर्लीन थांबल्या. हातातली शेंग तशीच राहिली. "अगं बाई. हो की."

"पाटीची पावती आहे?"

"लेम्युएल, माझ्याकडे एकोणीसशे त्र्याऐंशीच्या टोस्टरची पावती आहे."

त्या आतून पावती घेऊन आल्या. तारीख: एकोणीस जुलै. लेमने ती डोळ्यांसमोर धरली आणि असा हसला की मला वाटलं आता नाचतो. नाचला नाही ते बरं झालं.

"जूनमध्ये तुम्ही गावात होता?"

"डोळ्याच्या ऑपरेशनला सव्हाना शहरात गेले होते, भाचीकडे. दहा दिवस. गाडी इथेच होती, मेडेलपाशी. पण मेडेल काही गाडी चालवत नाही. पंचवीस वर्षांची असताना एकदा तळ्यात घातली होती, तेव्हापासून शपथ घेतलीय."

मेडेलच्या मांडीवरचं घमेलं निसटलं. पावटे ओसरीभर उड्या मारत पसरले.

ती वाकून गोळा करत होती, इतक्यात पायरीवर काठी वाजली. क्लीव्हन थार्प आले होते. ऐंशी वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट, हातात रानद्राक्षांचा वाडगा. याच माणसाने लेमला सतराव्या वर्षी रंगकाम शिकवलं. गेला उन्हाळाभर ते दर संध्याकाळी काही ना काही फळ घेऊन या ओसरीवर येत होते, आणि फळ मिस अर्लीनसाठी नसतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

लेम उठला, त्यांचा हात हातात घेतला, उलटा केला आणि तळव्याच्या कडेचा घट्टा बघितला.

"मिस्टर क्लीव्हन," तो म्हणाला, "उद्या दहाला अंगणात याल? एक दार दाखवायचंय तुम्हाला. मला वाटतं, तुम्ही ते आधी बघितलंय."

५

शुक्रवारी विमा कंपनीचा पोरगा आला, ट्रेंट किम्सी. कोवळा, घामेजलेला, "होय मॅडम, नाही मॅडम" म्हणणारा. मिस अर्लीननी खोटेपणाचा आरोप करणारा म्हणून त्याच्याकडे आधी रागाने बघितलं आणि मग सवयीने गोड चहा दिला. बर्फ घालून.

"सुरुवात करू," लेम म्हणाला. बटरबीन अंगणात उभी होती. रस्टी आला होता, रेव्हरंड आले होते, मिस्टर क्लीव्हन काठीवर दोन्ही हात ठेवून स्टुलावर बसले होते.

लेमने चर्चची पाटी उचलली आणि पुढच्या दारावर थापली. टप्प. बसली. मग ओढून मागच्या दारावर थापली. एक क्षण टिकली, मग कंटाळल्यासारखी घसरली आणि गवतावर पडली.

"चुंबक लोखंडाला धरतं, पुट्टीला नाही. एप्रिलच्या फोटोत हीच पाटी याच दारावर घट्ट आहे. म्हणजे एप्रिलमध्ये दार निकोप होतं, शोरूमवाले सुटले. जुलैत पाटी पडायला लागली. रस्टीकडे गाडी सप्टेंबरात गेली. रस्टी सुटला."

"आभारी आहे," रस्टी म्हणाला. "पुढच्या लग्नात तुला बोलावणार नाही."

"उरला मे-जून. जूनमध्ये दहा दिवस मालकीण गावात नाही. त्याच महिन्यात चर्चचा एक खांब बदलला. रेव्हरंड म्हणतात यंत्र लागलं."

रेव्हरंड शिंकले. गवतामुळे असेल.

"काम इतकं सुरेख की या जिल्ह्यात ते एकाच माणसाच्या हातून होऊ शकतं. मी त्या हाताखाली अकरा वर्षं काढलीत. ते कडा सरळ घासत नाहीत, गोल घासतात, आतून बाहेर, भाकरी थापावी तशा. डोळ्यांना दिसत नाही, हाताच्या पाठीला कळतं. आता प्रश्न एकच. या माणसाने गाडी ठोकली नाही. त्यांच्याकडे आता परवाना नाही, दृष्टीही अधू झालीय. मग ते कुणाची चूक झाकत होते? कुणासाठी ऐंशीव्या वर्षी गुडघ्यावर बसून चार दिवस दार घासलं असेल?"

 मग मेडेल उठली.

"मी ठोकली," ती म्हणाली. "मी. दुसऱ्या धड्याला. मागे घेताना. खांबच मधे आला."

"धडा?" मिस अर्लीनचा आवाज चिरकला. "कसला धडा? मेडेल, तू चाकाला हात लावलास?"

"मग काय करणार होते? तुझा एक डोळा नवा, एक जुना. समुद्र चार दिवसांच्या वाटेवर. एकटी हाकणार होतीस? झोप लागली म्हणजे? मी म्हटलं, तुला न सांगता शिकायचं आणि निघायच्या दिवशी पुढच्या सीटवर जाऊन बसायचं. क्लीव्हनने शिकवलं. रेव्हरंडनी किल्ली दिली आणि गप्प राहायचं वचन दिलं."

"तळ्यात बुडवलेली पोरगी…"

"त्याला त्रेचाळीस वर्षं झाली, अर्लीन!"

"आणि पत्र आलं तेव्हा? मी तीन दिवस जेवले नाही, तेव्हा?"

मेडेलचे डोळे भरले. "आज सकाळीच परीक्षा होती माझी. म्हटलं, नापास झाले तर नुसतं ठोकल्याचंच सांगावं लागेल. पास झाले तर दोन्ही एकदम सांगता येईल." तिने ॲप्रनच्या खिशातून एक कोरा करकरीत परवाना काढला. फोटोत ती घाबरलेल्या चिमणीसारखी दिसत होती.

मिस अर्लीननी परवाना घेतला. लांब धरला, जवळ धरला. मग किम्सीकडे वळल्या आणि ताठ उभ्या राहिल्या.

"लिहून घे बाळा. मी शपथेवर जे लिहिलं ते चुकीचं होतं. दार आधी ठोकलेलं होतं. सही कुठे करू?"

किम्सीने पेन काढलं, पण लेमने त्याच्यापुढे पावती धरली.

"हे आधी वाच. चुकीचं आणि खोटं यांत काय फरक असतो, तो या कागदावर आहे. दारात पुट्टी आहे हे ज्याला माहीत असेल, तो त्या दारावर चुंबकाची पाटी कशाला लावेल? आणि पडली म्हणून स्वतःच्या पेन्शनमधून दुसरी पाटी विकत घेऊन पुन्हा तिथेच लावेल? अपघाताच्या सात आठवडे आधी? या बाईंना माहीत नव्हतं, याचा यापेक्षा चांगला साक्षीदार मला कोर्टातही मिळणार नाही."

किम्सीने पावती वाचली. पाटीकडे बघितलं. मग स्वतः उठून ती दारावर लावून बघितली. पडली. पुन्हा लावली. पुन्हा पडली. पोरगा हसायला लागला.

"आणि हेही लिही," लेम म्हणाला. "उजवीकडचा पोचा वरवरचा. ट्रकने डावीकडचा खांब वाकवला, गाडीचा सांगाडा हलला. गिऱ्हाईक नाक मुरडतं ते त्या खांबासाठी. जुन्या पोच्याचं जे काय होईल ते वजा कर, बाकीचं या बाईंचं आहे."

"ते मान्य व्हायला हरकत नाही, सर," किम्सी म्हणाला. "मॅडम, ते पत्र… मी माफी मागतो. त्या वाक्याची."

"मागितलीस. झालं," मिस अर्लीन म्हणाल्या. "चहा संपव."

मग त्या मेडेलसमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि आम्हाला वाटलं आता काहीतरी ऐकवणार. त्यांनी बटरबीनची किल्ली बहिणीच्या हातात ठेवली.

"चर्चपर्यंत ने मला. तो खांब बघायचाय."

६

चेक आला, पण व्हॅन त्यांनी घेतलीच नाही. "गाडी विकली तर किंमत उतरणार," मिस अर्लीन म्हणाल्या. "विकलीच नाही तर?" लेमने समजावलं की भरपाई विकण्यावर नसते, झालेल्या नुकसानीवर असते, ती घ्यायला काही हरकत नाही. "घेणारच आहे," त्या म्हणाल्या. "पेट्रोल काय झाडाला लागतं?"

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी त्या निघाल्या. मागच्या सीटवर पायमोजाभर कांदे होते आणि मिस्टर क्लीव्हन होते. त्यांनी म्हणे आयुष्यात अटलांटिकही नीट बघितला नव्हता.

बाराव्या दिवशी टपालाने फोटो आला. निळं पाणी, पांढरा फेस, वाळूच्या कडेला बटरबीन. मिस अर्लीन पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या, डोक्यावर रविवारची टोपी. आणि उजव्या मागच्या दारापाशी मेडेल, गुरुवार चुकल्याची भरपाई म्हणून की काय, चर्चची पाटी दाराला लावून दोन्ही तळव्यांनी दाबून धरून उभी. पडू नये म्हणून. तिच्या हातांवर तिसरा एक हात होता, म्हातारा, कडेला घट्टा पडलेला. त्या हाताचा माणूस फोटोच्या चौकटीत मावला नव्हता.

लेमने फोटो खूप वेळ बघितला. मग हाताची पाठ त्यावरून एकदा हळूच फिरवली.

"कसं वाटतं?" मी विचारलं.

"गुळगुळीत," तो म्हणाला, आणि कॉफी मागितली.